एकाच घरात वाटून आलेली दोन अर्धी जनुके: डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसचा एक प्रकरण अभ्यास

डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, म्हणजे डीएच, हे सिलिअ‍ॅक आजाराचे त्वचेवरचे रूप. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्यात सुरू झालेली गडबड इथे कोपरा-गुडघ्यांवर दिसते. पुढे दिलेला रुग्ण म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हापुन्हा आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून, शिकण्यासाठी तो उभा केला आहे. निदानातल्या चुका, औषधांचे डोस आणि जनुकांचा हिशेब मात्र प्रत्यक्षात जसे असतात तसेच आहेत.

रुग्ण आणि तक्रार

वय ३८, पुरुष, मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त पुण्यात. सात महिने दोन्ही कोपरे, गुडघे, नितंब आणि मानेमागे केसांच्या कडेला असह्य खाज. पुरळ उठण्याच्या काही तास आधी त्या जागी आग होते, टोचते. मग बारीक लाल पुळ्या आणि पाणीदार फोडांचे पुंजके येतात. रात्री खाजवून ते फुटतात आणि सकाळी उरतात फक्त खपल्या. जुलाब नाहीत, पोटदुखी नाही, वजनही घटलेले नाही.

आधीचे उपचार क्रमाने असे झाले. खरूज समजून घरातल्या सगळ्यांना ५ टक्के परमेथ्रिन दोनदा लावले, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. घरात दुसऱ्या कोणालाही खाज नव्हती, तेव्हाच खरजेबद्दल शंका यायला हवी होती. नंतर इसब म्हणून स्टिरॉइडचे मलम. त्याने दोन-चार दिवस बरे वाटायचे. फोड पुंजक्याने आले म्हणून एकदा नागीण समजून सात दिवस असायक्लोव्हिर. नागीण शरीराच्या एका बाजूला, एका पट्ट्यात येते. इथे दोन्ही कोपरे सारखेच भरले होते.

शेवटी त्याने घरबसल्या लाळेची जनुक चाचणी करून घेतली. अहवालात लिहून आले, ‘डीक्यू २ पॉझिटिव्ह, ग्लुटेनचा धोका जास्त’. त्याने त्याच दिवशी पोळी सोडली आणि बाराव्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे आला, निदान झालेलेच आहे असे धरून.

या क्षणी सगळ्यात महत्त्वाचे काम होते हा क्रम सुधारण्याचे. जनुक चाचणीने डीएच सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते त्वचेच्या तुकड्यात.

बायोप्सी: तुकडा कुठून घ्यायचा

अनेक प्रकरणे इथेच फसतात, म्हणून हा भाग सविस्तर.

तुकडे दोन लागतात. पहिला ताज्या, न फुटलेल्या फोडाचा किंवा पुळीचा. तो फॉर्मेलिनमध्ये, नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी. त्यात त्वचेच्या खालच्या थरातल्या उंचवट्यांच्या टोकांशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे छोटे साठे आणि वरच्या थराखाली पडलेली फट दिसते. या रुग्णाच्या उजव्या कोपराजवळ दोन-तीन मिलिमीटरचा एकच फोड शाबूत होता; तोच घेतला.

दुसरा तुकडा निर्णायक असतो. तो डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे त्वचेत साचलेली प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, ४ मिलिमीटरच्या पंचने, फोडाच्या शेजारच्या साध्या दिसणाऱ्या त्वचेतून घ्यायचा, फोडापासून सेंटीमीटरभराच्या आत. फोडावरूनच घेतला तर तिथल्या दाहात आयजीए या प्रतिपिंडाचे कण खाऊन टाकलेले असतात आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. हा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला तर वाया गेला. तो मिशेल माध्यमात, म्हणजे प्रतिपिंडे जपणाऱ्या द्रावणात, ठेवावा लागतो. ते हाताशी नसेल तर सलाईनमध्ये बुडवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. छोट्या गावातल्या दवाखान्यात फॉर्मेलिनची बाटली समोर असते आणि सवयीने दोन्ही तुकडे तिच्यातच पडतात. बाटल्यांवर आधीच चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात.

या रुग्णात त्वचेच्या उंचवट्यांच्या टोकांवर आयजीएचे कणीदार साठे मिळाले. हाच डीएचचा पुरावा. आयजीए कणांऐवजी सलग रेघेत दिसले असते, तर तो वेगळा आजार ठरला असता, लिनिअर आयजीए रोग. त्याचा गव्हाशी संबंध नाही.

बारा दिवस गहू बंद होता, त्याने काही बिघडले नाही. त्वचेतले आयजीए ग्लुटेन सोडल्यावरही महिनोन्महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे टिकते. रक्तातल्या प्रतिपिंडांचे तसे नाही, ती हळूहळू उतरतात. म्हणून रक्त त्याच दिवशी घेतले. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए, म्हणजे टीटीजी, वरच्या मर्यादेच्या तिप्पट. सोबत एकूण आयजीए मोजले, ते नॉर्मल. हे सोबत मोजायलाच हवे: सिलिअ‍ॅक रुग्णांपैकी शंभरात दोन-तीन जणांत आयजीए मुळातच तयार होत नाही, आणि त्यांची टीटीजी कायम ‘नॉर्मल’ येते. उलट त्वचेचा तुकडा स्पष्ट बोलत असताना टीटीजी निगेटिव्ह आली, तरी डीएच रद्द होत नाही. आतड्याची इजा सौम्य असलेल्या रुग्णांत असे होते.

हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, कमी. पोटाची तक्रार नसली तरी आतडे अन्नातले लोह नीट शोषत नव्हते. त्वचेचा पुरावा स्पष्ट असला की दुर्बीण टाकून लहान आतड्याचा तुकडा घेण्याची सक्ती नसते. इथे तो घेतला नाही.

जनुकांचा अहवाल: ‘डीक्यू २ पॉझिटिव्ह’ म्हणजे नक्की काय

एचएलए ही रोगप्रतिकाराची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यातली डीक्यू जनुके पेशीच्या पृष्ठभागावर एक खाचेचा रेणू बसवतात आणि त्या खाचेत प्रथिनाचा तुकडा धरून तो टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींना, दाखवला जातो. ग्लुटेनमध्ये प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्ले इतकी भरलेली असतात की आपले पाचकरस ते पूर्ण तोडू शकत नाहीत. लांब तुकडे उरतात. आतड्यातले टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम त्यातल्या ग्लुटामिनचे ग्लुटामिक आम्लात रूपांतर करते. तुकड्यावर ऋण भार येतो आणि तो डीक्यू २ किंवा डीक्यू ८ च्या खाचेत घट्ट बसतो. इतर डीक्यू रेणूंत तो तसा बसत नाही. जनुकाचा वाटा एवढाच: दार उघडे ठेवणे. पुढे शरीर या एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. डीएचमध्ये त्याच घराण्यातले त्वचेतले भावंड, ट्रान्सग्लुटामिनेज ३, लक्ष्य होते. त्वचेत साचलेले आयजीए त्याच्याशीच बांधलेले असते, हे २००२ साली दाखवले गेले.

डीएचच्या रुग्णांत साधारण ८५ ते ९० टक्क्यांकडे डीक्यू २.५, म्हणजे डीक्यू २ चा मुख्य प्रकार, असते, उरलेल्या बहुतेकांकडे डीक्यू ८. दोन्ही नसतील तर हा आजार असण्याची शक्यता नगण्य. पण हीच जनुके आजार नसलेल्या तीसेक ते चाळीस टक्के लोकांतही असतात आणि त्यातल्या शंभरात सुमारे तिघांनाच आयुष्यात सिलिअ‍ॅक होतो. म्हणून ही चाचणी निगेटिव्ह आली तर फार मोलाची. पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. अहवाल देणारी कंपनी हे वाक्य ठळक छापत नाही, ही मोठी उणीव आहे.

भारतातलाच एक अभ्यास हे फार स्पष्ट करतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तीन प्रदेशांच्या पाहणीत सिलिअ‍ॅकचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत अवघे ०.१० निघाले. डीक्यू २ किंवा डीक्यू ८ असणाऱ्यांचे प्रमाण मात्र अनुक्रमे ३८.१, ३१.४ आणि ३६.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. ताटातला गहू बघा: उत्तरेत रोज सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५. दक्षिणेत जनुक आहे, गहू नाही, आजारही जवळजवळ नाही. ईशान्येत मात्र इतक्या कमी गव्हावरही आजार बऱ्यापैकी आहे, म्हणजे गहू हेसुद्धा सगळे उत्तर नव्हे. आपल्या रुग्णाचे लहानपण ज्वारीच्या भाकरीवर गेले आणि पुण्यात दोन्ही वेळा पोळी आली, ही नोंद इतिहासात घेतली. मात्र एका रुग्णावरून ‘पोळीने आजार आणला’ असे म्हणता येत नाही.

आता त्याचा पूर्ण अहवाल. लाळेच्या चाचणीत फक्त ‘डीक्यू २’ लिहिले होते. डीक्यू रेणू दोन साखळ्यांचा असतो, अल्फा आणि बीटा, आणि त्या दोन वेगळ्या जनुकांतून येतात. दोन्ही सांगितल्याशिवाय धोका कळत नाही. म्हणून ईडीटीए बाटलीत ३ मिलिलिटर रक्त घेऊन दोन्ही जनुकांचे टायपिंग केले. उपाशीपोटी जायची गरज नाही, गहू बंद असला तरी चालतो, आणि एकदा केले की जन्मभर पुरते. निकाल असा:

एका गुणसूत्रावर डीक्यूए१*०२:०१ व डीक्यूबी१*०२:०२; हा संच डीक्यू २.२.
दुसऱ्यावर डीक्यूए१*०५:०५ व डीक्यूबी१*०३:०१. हा संच डीक्यू ७.५.

वरवर पाहता डीक्यू २.५ कुठेच नाही. पण दुसऱ्या संचातली अल्फा साखळी (०५) आणि पहिल्यातली बीटा साखळी (०२) पेशीत एकत्र येतात आणि जो रेणू तयार होतो तो डीक्यू २.५ च. याला ट्रान्स मांडणी म्हणतात. युरोपीय रुग्णांत बहुधा दोन्ही साखळ्या एकाच गुणसूत्रावरून एकत्र येतात, ती सिस मांडणी. धोक्याच्या दृष्टीने ट्रान्स मांडणी सिसच्या एका प्रतीच्या जवळपास येते. वंशपरंपरेच्या दृष्टीने मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि या कुटुंबाचा सगळा सल्ला त्याच फरकावर उभा राहिला.

बहीण आणि मुले

रुग्णाच्या आई-वडिलांना आजार नाही. दोघांकडून अर्धे-अर्धे आले: एकाकडून डीक्यू २.२, दुसऱ्याकडून डीक्यू ७.५. दोन्ही एकत्र आले ते फक्त या भावंडांमध्ये.

धाकटी बहीण ३४ वर्षांची. तीन वर्षे लोहाच्या गोळ्या चालू, हिमोग्लोबिन ९.२ च्या वर जात नव्हते. पाळीमुळे रक्त जाते, असे सांगून प्रत्येक वेळी गोळ्या बदलल्या गेल्या. त्वचा स्वच्छ. सख्ख्या भावंडाला आई-बापांकडून तेच दोन संच मिळण्याची शक्यता चारात एक असते, आणि ती तिच्या वाट्याला आली होती. टीटीजी मर्यादेच्या दहापटीहून जास्त. भावाचे ऐकून तीही लगेच गहू सोडायला निघाली होती. तिला थांबवले, कारण तिच्याकडे त्वचेचा पुरावा नव्हता आणि आतड्याचा तुकडा गहू चालू असतानाच खरा बोलतो. दुर्बिणीतून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, दुसऱ्या टप्प्यातून चार आणि बल्बमधून, म्हणजे त्याच्या पहिल्या टप्प्यातून, दोन तुकडे घेतले. आतड्यावरच्या रसांकुरांची झीज स्पष्ट होती. गहू त्या संध्याकाळपासून बंद.

एकच जनुकसंच, एकाला त्वचेत, दुसरीला आतड्यात. कोणाला कुठे होणार हे ठरवणारे एचएलए जनुक सापडलेले नाही. फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासात (२०००) सहापैकी पाच जोड्यांत दोघांनाही ग्लुटेनचा आजार निघाला, पण त्यातल्या काही जोड्यांत एकाला त्वचेचा आणि दुसऱ्याला फक्त आतड्याचा होता. सगळी जनुके तंतोतंत सारखी असूनही.

मुले दोन: मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. घरच्यांचा प्रश्न सरळ होता: दोघांचाही गहू आजपासून बंद करू का? उत्तर नाही. आजार नसलेल्या मुलाचा गहू बंद केला तर पुढे निदानच अवघड होते, शिवाय शाळेचा डबा, वाढदिवस, सहल सगळीकडे मूल विनाकारण वेगळे पडते.

वडिलांकडून प्रत्येक मुलाला एकच संच मिळतो: एकतर डीक्यू २.२, नाहीतर डीक्यू ७.५. दोन्ही कधीच नाही. म्हणजे वडिलांचा ट्रान्स डीक्यू २.५ जसाच्या तसा मुलांत उतरू शकत नाही. उरलेला अर्धा भाग आईकडून आला तरच तो पुन्हा जुळतो. म्हणून आईचे टायपिंगही केले. तिच्याकडे डीक्यू ५ आणि डीक्यू ६ निघाले, म्हणजे जुळणारे काही नाही. मुलीला डीक्यू ७.५ आणि डीक्यू ६, मुलाला डीक्यू २.२ आणि डीक्यू ५.

मुलीकडे फक्त अल्फा साखळी आहे. अशा एकट्या अर्ध्यावर सिलिअ‍ॅक फारच क्वचित होतो. नियमित चाचण्या नकोत, लक्षणे दिसली तरच टीटीजी. मुलाचा डीक्यू २.२ हा कमी धोक्याचा, पण शून्य नव्हे. त्याची टीटीजी व एकूण आयजीए एकदा तपासले, नॉर्मल आले. दोन-तीन वर्षांनी पुन्हा, आणि उंची खुंटली, लोह कमी झाले किंवा कोपरांवर पुरळ आले तर लगेच. वडिलांकडे सिस मांडणी असती तर प्रत्येक मुलाला पूर्ण डीक्यू २.५ मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी झाली असती आणि सल्ला बदलला असता.

बहिणीचे लग्न ठरायचे होते. घरात कुजबूज सुरू झाली की हे ‘जनुक’ सांगायचे की लपवायचे. त्यांना हेच सांगितले की समोरच्या घरातही दर तिघांत एकाकडे डीक्यू २ किंवा ८ असण्याची शक्यता आहे. तिचा आजार आहारात सांभाळता येतो, आणि तो नीट सांगितला तरच सासरच्या स्वयंपाकघरात सांभाळला जाईल.

औषध

डॅप्सोन. कुष्ठरोगावर वापरतात तेच. सुरू करण्याआधी जी६पीडी तपासणी अनिवार्य. हे एन्झाइम कमी असेल तर लाल पेशी भराभर फुटतात. सोबत रक्तगणना आणि यकृताच्या चाचण्या. रोज ५० मि.ग्रॅ. सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी खाज थांबली. हा जलद परिणाम इतका ठळक असतो की निदानाला त्याचा आधारच मिळतो.

पहिला महिना दर आठवड्याला रक्तगणना, मग दोन महिने पंधरा दिवसांनी, नंतर दर दोन-तीन महिन्यांनी. जी६पीडी नॉर्मल असले तरी थोड्या लाल पेशी फुटतातच; हिमोग्लोबिन ११.८ वरून १०.९ वर आले, लोह चालू ठेवले. ओठ निळसर दिसले तर मेथेमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारे हिमोग्लोबिन, वाढलेय असे समजावे. पहिल्या तीन महिन्यांत ताप आणि घसादुखी आली तर पांढऱ्या पेशी तपासाव्यात. चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास ताप, अंगभर पुरळ, कावीळ असे एकत्र आले तर ती डॅप्सोनची तीव्र प्रतिक्रिया. औषध ताबडतोब बंद. हिचा धोकाही एका एचएलए जनुकाशी, बी*१३:०१ शी, बांधलेला आहे.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. डॅप्सोनवर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, खोटी कमी येते, कारण लाल पेशींचे आयुष्यच घटते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या या रुग्णाची साखर बोटाच्या व उपाशीपोटीच्या चाचणीनेच पाहिली.

डॅप्सोन खाज थांबवते, आतडे बरे करत नाही. आजार आटोक्यात आणतो तो आहारच, आणि त्याला त्वचेवर परिणाम दाखवायला सहा महिने ते दोन वर्षे लागतात.

स्वयंपाकघर

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा चालतात. गहू, रवा, मैदा, शेवया, दलिया, सातू, बिअर नाही. खपली गहू पथ्याचा म्हणून विकला जातो. मधुमेहात त्याचे काय असेल ते असो, पण तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि इथे तो वर्ज्य. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो; तांदळाच्या पिठाचा करता येतो. बांधानी हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि थालीपीठाच्या भाजणीत बहुतेक घरांत मूठभर गहू पडतोच.

पाचव्या महिन्यात पुरळ पुन्हा आले. रुग्ण शपथेवर सांगत होता की गव्हाचा कण खाल्लेला नाही, आणि ते खरेही होते. डोस न वाढवता आधी पिठाची चौकशी केली. ज्वारी गल्लीतल्या गिरणीतून दळून येत होती, त्याच जात्यावर आधी गहू दळला जायचा, आणि पहिले पायलीभर पीठ त्यातच मिसळून यायचे. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ढोबळमानाने ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मि.ग्रॅ. ग्लुटेन असते. सिलिअ‍ॅकमध्ये रोज ५० मि.ग्रॅ. नियमित पोटात गेले तरी आतड्याला इजा होते; तो पोळीचा साठावा भाग झाला. गिरणीतून एवढे सहज येते.

उपाय: घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच दळायचा नाही असे ठरले. परात, चाळणी, पोळपाट-लाटणे आणि तवा वेगळे. भाकरी आधी, पोळ्या नंतर, कारण लाटताना उडणारी पिठी ओट्यावर बसते. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड तळायचे नाहीत. बाजारातल्या पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेले असेल तर भारतीय नियमानुसार मर्यादा किलोला २० मि.ग्रॅ. आहे, सुटे पीठ या हमीत येत नाही. सात आठवड्यांत पुरळ ओसरले.

बाराव्या महिन्यात टीटीजी नॉर्मल झाली, फेरिटिनही भरले. सोळाव्या महिन्यात डॅप्सोन दिवसाआड २५ मि.ग्रॅ. वर आणले आणि विसाव्या महिन्यात बंद केले. बहिणीचे हिमोग्लोबिन गहू सोडल्यावर आठ महिन्यांत १२.१ झाले, तेही जुन्याच गोळ्यांवर. दोघांना वर्षातून एकदा टीटीजी, रक्तगणना, फेरिटिन आणि टीएसएच. थायरॉइडचा आजार यांच्यात जास्त आढळतो. गहू पुन्हा सुरू करून पाहायची इच्छा भावाने दोनदा बोलून दाखवली. त्वचेतले आयजीए अजून तसेच असेल, आणि सलग काही वर्षे काटेकोर पथ्य पाळल्यावरच लिम्फोमाचा (लसिका पेशींच्या कर्करोगाचा) वाढीव धोका उतरतो, हे सांगून तो विचार बाजूला ठेवला. मुलाची पुढची टीटीजी आठव्या वर्षी आहे.